बिझविक शिंप्याची फीत

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो.
तीन वर्षांचं शिक्षण, छातीवर पट्टी : क्लिनिकल ऑफिसर, खेंबो.
न्सांजेच्या ह्या दवाखान्यात
पोट फाडून मूल बाहेर काढतो,
हर्निया शिवतो, मोडलेलं हाड ओढून सरळ करतो.
डोकं उघडत नाही.
ते मला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं
तरी त्याला लागणारी नळी आमच्या कपाटात नाही.

बिझविक आला तेव्हा पोर
एनेलेसच्या पाठीला चितेंजेत बांधलेलं,
आणि फीत त्याच्या गळ्यात, मशीनवरून उठला तशी.
म्हणाला, टोपी बसत नाही.
रविवारी बेतली, शनिवारी बसत नाही.
मला वाटलं, माझाच हात चुकला.

त्याच्याच फितीने मोजलं. चव्वेचाळीस.
दीड महिन्याचा लिंबिकानी,
टाळू भरल्या पखालीसारखी ताठ,
बुबुळं खाली, मावळतीला टेकलेली.

मी चिठ्ठी लिहिली. ब्लांटायर. तातडीचे.
'तातडीचे' खाली दोन रेघा ओढल्या.
रेघा ओढायला काही लागत नाही.

पहिल्या आठवड्यात पूल वाहून गेला होता.
नंतर पूल होता, गाडीला डिझेल नव्हतं.
मग मक्याच्या ट्रकवर, पोत्यांवर बसून ते पोचले,
चार रात्री वऱ्हांड्यात झोपले,
तर सर्जनबाई लिलाँग्वेला, आणि नळ्या
कुठल्याशा बंदरात, कागदावाचून अडकलेल्या.
पुढची तारीख घेऊन परत आले.
जाताना बकरी विकली होती. येताना इस्त्री.

गिऱ्हाइकांच्या वहीत, सदऱ्यांच्या आणि
शाळेच्या गणवेशांच्या मापांमध्ये
बिझविक दर शनिवारी लिहायचा :
लिंबिकानी, सेहेचाळीस.
लिंबिकानी, साडेसत्तेचाळीस.
शेजारच्या उधारीच्या रकान्यात काहीच नाही.
लिंबिकानी, पन्नास.
लाल दोरा डोळ्यांसमोर धरायचा, डावीकडून उजवीकडे.
आधी पोर दोऱ्यामागे जायचं.
मग निम्म्यात सोडून द्यायला लागलं.
मग निघेचना.
ती तारीख मात्र वहीत नाही.

साडेचार महिन्यांचा असताना नळी बसली.
डोक्यातलं पाणी कातडीखालून पोटात,
वाफ्यात पाट फोडून द्यावा तसं.
डॉक्टर चिसालेंचं त्या दिवसातलं ते सहावं पोर.
मला फोनवर म्हणाल्या,
"खेंबो, हेच दोन महिने आधी..."
आणि पलीकडून कुणीतरी त्यांना हाक मारली.

बिझविकने टाके पाहिले. कानामागे पाच, पोटावर सात.
वरून बोट फिरवलं, न टेकवता.
म्हणाला, हात चांगला आहे. अंतर सारखं आहे.
शिंप्याची ही दाद
बाईंपर्यंत पोचवायची माझी राहूनच गेली आहे.

आता वहीत : त्रेपन्न. त्रेपन्न. त्रेपन्न.
आकडा हलत नाही म्हणून एनेलेसने
आळीत शेंगदाण्याची पेज वाटली.
लाल दोरा बॉबिनवर परत गेला आहे.
पोराला मशीनचा आवाज कळतो.
बापाचा पाय थांबला की ते मान वळवतं,
जरा चुकीच्या बाजूला.

परवा सुईणीच्या खोलीत, खिळ्याला
चिंध्यांचा जुडगा लटकलेला दिसला.
कापडाच्या काठाच्या पट्ट्या, प्रत्येकीला गाठी :
एक महिना, दोन, तीन.
डोकं गाठीपुढे गेलं की घरी थांबायचं नाही,
बिझविकने सगळ्यांना बजावून ठेवलंय.
चाळीस पट्ट्या. पैसे घेतले नाहीत.

त्यामुळे आता लोक लवकर येतात.
मी मोजतो, चिठ्ठी लिहितो, दोन रेघा ओढतो.
चिंधीला पूल बांधता येत नाही.

आज एक बाई आली आहे, तिसऱ्या गाठीच्या थोडं पुढे.
बाकावर बसली आहे
चितेंजेचं टोक पोराच्या कपाळावर ओढून.
सोमवारी गाडी जाईल म्हणतात.
मी मागच्या अंगणात
डिझेलचं पिंप वाजवून बघतो आहे.